अनुदान जमिनीला की जमीन कसणाऱ्याला?

मागच्या भागात आपण खताच्या अनुदानाबद्दल बोललो. त्यानंतर इंदूर, बडोदा, हुबळी, हैदराबाद अशा गावोगावच्या मराठी प्रेक्षकांनी शब्द बदलून एकच गोष्ट विचारली. सरकार शेतीवर एवढा पैसा ओतते, मग जो माणूस खरोखर चिखलात उभा आहे त्याच्या हातात त्यातले किती पडते? आजचा भाग त्यावरच. विषय थोडा कागदपत्रांचा आहे, पण सोडू नका, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या नावावर गावाकडे जमीन आहे आणि ती दुसरेच कोणी करते आहे.

सरकारचा पैसा शेतात तीन वाटांनी येतो. पहिली वाट वस्तूच्या किमतीतून. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि फरक केंद्र सरकार भरते. दुसरी वाट हमीभावाच्या सरकारी खरेदीची. तिसरी वाट थेट बँक खात्यात जमा होणाऱ्या पैशाची.

यातली खताची वाट गंमतीशीर आहे. दुकानदार मशीनवर आधार नंबर घेतो, अंगठा घेतो आणि गोणी देतो. सातबारा मागत नाही. त्यामुळे खंडाने जमीन करणारा, वाट्याने करणारा, स्वतःची करणारा, सगळ्यांना गोणी एकाच भावाने. या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. ज्याला पाणी जास्त, तो खत जास्त टाकतो आणि अनुदानही जास्त घेतो, कोरडवाहूवाल्याला त्यातले थोडेच मिळते. पण एक गुण मान्य केला पाहिजे. हे अनुदान कामाच्या मागे जाते. ज्याने पेरले, त्याने गोणी घेतली.

खात्यात जमा होणारा पैसा मात्र कामाच्या मागे जात नाही, नावाच्या मागे जातो. आजची सगळी अडचण या एका फरकात आहे.

पीएम-किसान घ्या. २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरला ही योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, त्याच वर्षी जूनपासून ही मर्यादा काढून टाकली. दरवर्षी साधारण ६०,००० कोटींचा हा खर्च आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी आणून त्याच यादीला आणखी ६,००० जोडले. नियम वाचलेत तर एक शब्द सारखा भेटतो, ‘जमीनधारक शेतकरी कुटुंब’. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन कोणाच्या नावावर होती, हे पाहायचे. ती कोण कसतो, हा प्रश्न फॉर्मवर नाही.

मग कोणाला वगळले? इन्कम टॅक्स भरणारे, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सरकारी नोकर, आणि महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे. सरकारी नोकर आणि पेन्शनरांमधल्या सगळ्यात खालच्या श्रेणीला तेवढी सूट आहे. मी दोन कारणांनी बाहेर पडतो आणि ते योग्यच आहे, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या पलटणीतला जवान बघा. सतरा-अठरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत घरी आला. पेन्शन दहा हजारांच्या वर. आता तो बापाच्या दोन एकरांत स्वतः पाणी धरतो, स्वतः फवारणी करतो. तो यादीत नाही. आणि मुंबईत स्वतःचे दुकान चालवणारा, टॅक्सच्या मर्यादेखाली उत्पन्न दाखवणारा माणूस, ज्याने दहा वर्षांत बांधावर पाय ठेवला नाही, तो यादीत असू शकतो. जवानाला द्या असे मी म्हणत नाही, त्याला पेन्शन आहे. मुद्दा एवढाच की चाळणी दोन्ही बाजूंनी कागदाची आहे. राबतो कोण, हे ती मोजतच नाही.

आणि जे मोजते तेही नीट मोजत नाही. जुलै २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना जवळजवळ ३,००० कोटी रुपये गेले. त्यात टॅक्स भरणारे पुष्कळ होते. नंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या.

आता मी राहतो त्या भागातले उदाहरण देतो. निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्थायिक झालो, आमच्यासारख्या बऱ्याच फौजी कुटुंबांप्रमाणे. तेलंगण सरकारने मे २०१८ मध्ये रयतु बंधू योजना आणली. एकरी एका हंगामाला ४,००० रुपये, पुढच्या वर्षी ते ५,००० केले, म्हणजे वर्षाला एकरी १०,०००. पेरणीच्या आधी रोख पैसा, सावकाराकडे जायची गरज नाही. कल्पना चांगली होती आणि पैसा वेळेवर पोचवण्याची यंत्रणाही सुरुवातीला जोरात चालली. पण दोन गोष्टी अशा होत्या की डोके चक्रावते. एक, जमिनीची कमाल मर्यादा नव्हती. दोन, खंडाने करणारा शेतकरी, ज्याला तेलुगूत ‘कौलु रैतु’ म्हणतात, तो या योजनेत नव्हता. तो चुकून राहिला असेही नाही. खंडकऱ्याचा प्रश्न मालकाने आणि त्याने आपसात पाहावा, अशी उघड भूमिका घेऊन त्याला बाहेर ठेवले होते.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची मेदककडे बारा एकर जमीन आहे. त्यांना वर्षाला एक लाख वीस हजार रुपये मिळत. जमीन एक कौलु रैतु करतो. तो त्यांना रोख खंड देतो, बियाणे त्याचे, मजुरी त्याची, बोअर जळला तर मोटार बांधून आणणे त्याचे. त्याला योजनेतले शून्य. गारपीट झाली तर नुकसान त्याचे, भरपाईच्या यादीत नाव मालकाचे. हे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांनी एका हंगामाला खंडातून काही रक्कम कमी केली. पण सज्जनपणावर धोरण चालत नाही. त्यांच्या शेजारच्या मालकाने उलट केले, ‘सरकार या जमिनीला एवढे देते, म्हणजे जमिनीची किंमत वाढली’ असे म्हणत खंड वाढवला. जमिनीला चिकटवलेला पैसा शेवटी जमिनीच्या मालकाकडेच झिरपतो. खंडकऱ्याला तो न मिळणे वेगळे, इथे तो त्याच्याच खिशातून आणखी काढतो.

सरकार बदलले, नाव रयतु भरोसा झाले, जानेवारी २०२५ पासून एकरी वर्षाला १२,००० रुपये झाले. लेआऊट पडलेल्या, खाणींच्या, पीक न घेतल्या जाणाऱ्या जमिनी यादीतून काढायचे ठरले, ते बरे झाले. बिनजमिनीच्या शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० ची वेगळी योजना आली. खंडकऱ्याला निवडणुकीत आश्वासन मिळाले होते, पैसे सुरू झाले तेव्हा तो बाहेरच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, असे खंडकरी असतील तरी किती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या १७.३ टक्के वहिती खातेदारीत भाड्याची जमीन आढळली. आंध्र प्रदेशात हे प्रमाण ४२.४ टक्के होते. हे सांगितलेले आकडे आहेत. तोंडी व्यवहार करणारा माणूस पाहणीला आलेल्या अनोळखी बाईला किंवा बुवाला ‘जमीन माझी नाही’ असे सहज सांगत नाही, म्हणून खरे प्रमाण याहून कमी नसावे.

या लोकांना प्रत्येक प्रांतात नाव आहे. आपल्याकडे खंडाने, बटाईने, अर्धेलीने, वाट्याने, विदर्भात मक्त्याने, ठेक्याने, हिंदी पट्ट्यात बटाईदार, अधिया, बंगालमध्ये बर्गादार, ओडिशात भागचाषी. एवढी नावे ज्या भाषांनी दिली, त्यांच्या सरकारी फॉर्मवर मात्र त्यांच्यासाठी एक रकाना शिल्लक नाही.

रकाना पूर्वी होता, हे सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या सातबाऱ्यावर गाव नमुना बाराच्या भागात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना असे. ब्रिटिश काळापासून तलाठी बांधावर जाऊन पाहणी करत आणि पीक कोणते, पाणी कशाचे, करतो कोण, हे लिहीत. तेलंगणच्या पहाणीतही ‘अनुभवदार’ म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात असलेल्याचा रकाना होता, तो धरणी पोर्टलच्या काळात गेला. रकाने का गेले याचे कारण आपल्या कायद्यांच्या इतिहासात आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय मालकाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

मुंबईचा कूळ कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ ती विकत घेणारा मालक मानले गेले. लाखो कुटुंबांचे त्याने भले झाले, यात शंका नाही. पण जमीन दुसऱ्याला करायला दिली की ती जाते, ही भीती महाराष्ट्राच्या गावागावांत तेव्हा बसली ती आजतागायत आहे. आणि ती निव्वळ वेडगळ भीती नाही. कृषकदिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही खरेदीचा हक्क सांगता येईल, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. फौजी माणूस सीमेवर, जमीन कुळाकडे, हा पेच एवढा खरा होता की १९६० च्या दशकात सैन्यातल्या जमीनमालकांसाठी त्या कायद्यात वेगळे प्रकरण घालावे लागले.

याचा परिणाम असा झाला की व्यवहार थांबले नाहीत, कागद थांबले. जमीन तोंडी दिली जाते. तीन वर्षे झाली की करणारा बदलला जातो, नाहीतर त्याचा हक्क लागेल म्हणून. करणाराही मग बांधबंदिस्ती करत नाही, शेणखत टाकत नाही, पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे असेल याची खात्री कुठे आहे? कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून कर्जमाफी नाही. २०१७ आणि २०१९ च्या महाराष्ट्रातल्या दोन्ही कर्जमाफ्या बँकेच्या कर्जावर होत्या. कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर आणि सावकाराच्या चिठ्ठीवर शेती करणाऱ्याला त्यांचा उपयोग काय? ठिबकचे, अवजारांचे अनुदानही सातबारा आणि आठ-अ वर मिळते. म्हणजे एक दार बंद झाले की पुढची चार आपोआप बंद होतात.

माझी स्वतःची जमीन साताऱ्याकडे आहे, चार एकर. आमचा एक शेजारी ती वाट्याने करतो. (गावात मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. आमच्याकडे फौजेतून आलेला हवालदारही मेजर आणि कर्नलही मेजर, बढती गावाने थांबवून ठेवली आहे.) त्याच्या नावावर स्वतःची वीस गुंठे आहेत, म्हणून त्याला पीएम-किसान मिळते. वीस गुंठ्यांवर मिळते, माझ्या चार एकरांत त्याने काढलेल्या सोयाबीनवर नाही. ती वीस गुंठे नसती तर सरकारच्या लेखी तो शेतकरीच नव्हता. साडेचार एकर नांगरणारा माणूस, आणि त्याचे शेतकरीपण अर्ध्या एकरावर टांगलेले.

फौजेत रेशनचा एक साधा नियम असतो. युनिटच्या रोलवर किती नावे आहेत यावर शिधा उचलत नाहीत, प्रत्यक्ष किती जण लंगरमध्ये जेवणार यावर उचलतात. सुट्टीवर गेला त्याचे नाव रोलवर राहते, शिध्यातून निघते. दुसऱ्या युनिटचा जवान जोडून आला तर त्याचे नाव रोलवर नसले तरी ताट वाढते. दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळ्या कामांसाठी. शिधा मिळाला म्हणून तो जवान आमच्या युनिटचा होत नाही. मला वाटते शेतीलाही नेमके हेच हवे आहे. मालकीची एक यादी, जी कोणी हलवायची नाही. आणि दर हंगामाची एक यादी, या खरिपात हे शेत कोणी पेरले एवढेच सांगणारी.

असे प्रयत्न देशात झाले आहेत. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’त संध्याकाळी गावात शिबिरे भरवून, बर्गादारांना एकत्र बसवून नावे विचारली गेली आणि सुमारे चौदा लाख नावे नोंदली गेली. २०१९ मध्ये तिथे कृषकबंधू योजना आली तेव्हा नोंदलेल्या बर्गादारालाही पैसे देता आले. चाळीस वर्षांपूर्वीची वही कामाला आली. मात्र बर्गाचा हक्क वारशाने चालतो, त्यामुळे आजचा मालक तशा नोंदीला तयार होणार नाही हे उघड आहे.

आंध्रने दुसरी वाट धरली. २०११ च्या कायद्यात करणाऱ्याला एका वर्षाचे ओळखपत्र देण्याची सोय होती. २०१९ चा नवा कायदा अकरा महिन्यांचे कार्ड देतो, आणि या कार्डाने मालकीवर काही परिणाम होणार नाही असे स्पष्ट म्हणतो. त्याच वर्षी आलेल्या योजनेत अनुसूचित जाती-जमाती, मागास आणि अल्पसंख्याक खंडकऱ्यांना वर्षाला १३,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. मी याला देशातली सगळ्यात शहाणी सुरुवात म्हणतो. पण २०१९ च्या कार्डावर मालकाची सही लागते आणि तिथे गाडी अडते. मालक सही का देत नाही? मालकी जाण्याची भीती एक. दुसरे कारण बोलले जात नाही. त्याच जमिनीवर मालकाने स्वतः पीककर्ज उचललेले असते. एका गटावर बँक दोन पीककर्जे देत नाही. करणाऱ्याचे नाव पुढे आले की मालकाचे स्वस्त कर्ज जाते. सहीचा अधिकार ज्याला तोटा होणार त्याच्याच हातात ठेवला, तर सही कशी मिळेल?

ओडिशाने २०१८ च्या अखेरीस कालिया योजना आणताना भागचाषी आणि भूमिहीन दोघांनाही आत घेतले होते, हे श्रेय त्या राज्याला द्यायला हवे. भूमिहीन कुटुंबाला शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा जोडधंद्यासाठी १२,५०० रुपये.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. युरोपीय संघात हेक्टरवर पैसे देता देता तो विमानतळ आणि खेळांच्या मैदानांच्या मालकांनाही जाऊ लागला, कारण त्यांच्याकडे गवताची जमीन होती. २०१३ च्या सुधारणेत ‘सक्रिय शेतकरी’ अशी व्याख्या करून विमानतळ, रेल्वे, पाणीपुरवठा संस्था, जमीन-व्यवहार करणाऱ्या कंपन्या यांना वगळण्याची यादी करावी लागली. श्रीमंत देशांनाही करणारा कोण हे ठरवताना घाम फुटतो.

इथे एक सावधगिरी. खंडकरी म्हणजे गरीब आणि मालक म्हणजे श्रीमंत, हे समीकरण सगळीकडे लागू नाही. पंजाब-हरियाणात ट्रॅक्टर आणि ट्यूबवेल असलेला मोठा शेतकरी दहा लहान मालकांची जमीन खंडाने घेतो. त्या मालकांत एखादी विधवा असते, खंडावरच जगणारी. तिथे ‘जो करील त्याला एकरी पैसे’ असा नियम लावलात तर सगळा पैसा मोठ्याकडे जाईल. म्हणून हंगामाच्या यादीला मर्यादा हवीच. माझ्या मते प्रत्यक्ष कसणाऱ्या कुटुंबाला जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, त्यापुढे एक रुपया नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले होते, म्हणजे या मर्यादेने बहुतेकांचे काहीच जात नाही.

बायकांचा प्रश्न यातच येतो. ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास चारात तिघी शेतीत आहेत, पण त्याच गणनेत स्त्रियांच्या नावे चालणारी खाती १४ टक्केही नव्हती. नवरा शहरात रिक्षा चालवतो, शेत ती बघते, मेसेज त्याच्या मोबाईलवर येतो. हंगामाच्या यादीत तिचे नाव लिहायला कोणाच्या मालकीला धक्का लागत नाही.

हे आत्ताच का बोलायचे? कारण शेतकरी ओळख क्रमांक देणे सुरू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने डिजिटल कृषी मिशनला २,८१७ कोटी मंजूर केले, अकरा कोटी शेतकऱ्यांना क्रमांक द्यायचे लक्ष्य आहे आणि महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो क्रमांक आवश्यक झाला. त्याचा पाया जमिनीची नोंद आहे. आजवर खंडकरी एका खिडकीवरून परतला तर दुसऱ्या खिडकीवर नशीब आजमावत होता. क्रमांकच नसेल तर सगळ्या खिडक्या एकदम बंद. उलट याच यंत्रणेत हंगामाची यादी घालणे फार अवघड नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, शेतात उभे राहून मोबाईलवर फोटो काढून पीक नोंदवायचे. त्यात ‘पेरणारा’ म्हणून एक नाव वाढवायचे, यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि कायद्यात एक कलम घालायचे की ही नोंद कूळ म्हणून किंवा मालकीसाठी कोणत्याही कोर्टात पुरावा धरली जाणार नाही. मालकाची सही नको, हरकत घ्यायला पंधरा दिवस द्या. खोटी नावे घुसतील हे मला मान्य. पण गावाला माहीत असते कोण कुठे पेरतो, आणि खोटी नावे आजच्या यादीतही आहेतच.

तोपर्यंत ज्यांची जमीन गावाकडे दुसरा करतो, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. पंतप्रधान पीकविमा योजनेत खंडकऱ्याला विमा घेता येतो, पण महाराष्ट्रात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तो वकिलाला दाखवून, मुदत आणि गट नंबर स्पष्ट लिहून करा. खरिपाची विम्याची मुदत बहुतेक वर्षी जुलैअखेर असते, तेव्हा जूनमध्येच दुय्यम निबंधकाकडे जा, शेवटच्या आठवड्यात गर्दी असते. मध्य प्रदेशातल्या मंडळींना २०१६ च्या कायद्यामुळे बटाईचा लेखी करार करणे सोपे आहे, तुमच्या तहसीलमध्ये नमुना मागा. आंध्रात जमीन असेल तर अकरा महिन्यांच्या कार्डावर सही द्या, त्याने मालकी जात नाही, हे त्या कायद्यातच लिहिले आहे. आणि तुमची जमीन करणाऱ्यासारखे गावात आणखी तिघे-चौघे असतील, तर त्यांना संयुक्त देयता गट माहीत आहे का ते विचारा. चार ते दहा जणांनी मिळून बँकेकडून कर्ज घ्यायचे, एकमेकांची हमी द्यायची, जमीन तारण लागत नाही. नाबार्ड वर्षानुवर्षे याचा आग्रह धरते आहे. शाखाधिकारी टाळाटाळ करतात, म्हणून पहिल्यांदा बँकेत जाताना तुम्ही स्वतः बरोबर जा.